फ्रान्समधल्या खेड्यात चौदा जणांसाठी जुनं शातो भाड्याने घ्यावं का?

चार कुटुंबं, चौदा माणसं, त्यात दोघं सत्तरीपुढची आणि पाच मुलं. जुलैत आठवडाभर हॉटेलांऐवजी फ्रान्सच्या ग्रामीण भागातलं एखादं जुनं शातो, म्हणजे गढीसारखा मोठा वाडा, भाड्याने घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे. घ्या, पण त्या घरात राहायची तयारी असेल तरच. त्याच आठवड्यात पॅरिस, नीस आणि जमलं तर स्वित्झर्लंडही उरकायचं असेल तर पैसे वाया जातील. रोज सकाळी चौदा जणांना दोन गाड्यांत कोंबून तीन-चार तास प्रवास करायचा म्हटलं की जुन्या भिंतींचं कौतुक दुसऱ्या दिवशीच संपतं.

मी तुलूजला राहते. तीन वर्षांपूर्वी आम्ही तेरा जणांनी हा उद्योग केला. साताऱ्याहून आई-बाबा आणि मावशी, पुण्याहून बहिणीचं बिऱ्हाड, लंडनहून चुलतभाऊ, तो स्वस्तातल्या विमानाने थेट जवळच्या बेर्जराक विमानतळावर उतरला. घर होतं नैर्ऋत्य फ्रान्सच्या पेरिगोर भागात, सार्ला गावापासून वीसेक मिनिटांवर. जुलैतल्या आठवड्याचं भाडं 3,900 युरो, म्हणजे माणशी 300. तेवढ्यात हॉटेलच्या खोल्याही मिळाल्या असत्या, पण मग संध्याकाळी सगळे आपापल्या खोलीत टीव्ही बघत बसले असते.

शातो या शब्दावर भुलू नका. बोर्दोकडे द्राक्षमळ्यातल्या साध्या घरालाही शातो म्हणतात. आमचं घर मानुआर होतं, म्हणजे छोट्या सरदाराचा दगडी वाडा: दोन मजले आणि कोपऱ्यातल्या बुरुजात गोल दगडी जिना. फोटोत तो जिना पाहूनच आम्ही घर पक्कं केलं आणि तिथेच चुकलो. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, धरायला फक्त एक दोर आणि सगळ्या झोपायच्या खोल्या वर. बाबांच्या गुडघ्यांनी पहिल्याच रात्री नकार दिला. सहा रात्री ते खालच्या बैठकीत कोचावर झोपले. तुमच्याबरोबर दोन ज्येष्ठ आहेत, तेव्हा पेरिगोरमध्ये शोधणार असाल तर शार्त्रूझ बघा. सतराव्या-अठराव्या शतकातलं हे जमीनदारांचं घर लांबट, बहुधा एकाच मजल्याचं असतं. फोटोत जरा कमी रुबाबदार दिसतं, पण मी पुन्हा घेईन तर तेच घेईन.

जाहिरातीत ‘सात बेडरूम’ लिहिलं असेल तर सातवी कुठे आहे ते विचारा. आमची सातवी होती अंगणापलीकडच्या कबुतरखान्यात. फ्रान्सच्या बऱ्याच भागांत कबुतरखाना बाळगणं हा सरदारांचा हक्क होता, तो 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री इतर हक्कांबरोबर गेला. आता त्या मनोऱ्यांत पलंग टाकलेले असतात, पण संडास असेलच असं नाही. चुलतभाऊ रात्री मोबाईलचा उजेड पाडत मुख्य घराकडे यायचा.

आता न्हाणीघर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमचे पैसे इथेच गेले. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची जमीन लाकडी होती आणि खाली मोरीसारखी जाळी नव्हती. पाणी फक्त टबात सांडायचं. मावशीला टबात उभं राहायची भीती वाटते, म्हणून तिने कुठून तरी बादली पैदा केली आणि खाली बसून निवांत अंघोळ केली. दुपारी जेवणघराच्या छतावर ताटाएवढा डाग. अनामत रकमेतून 150 युरो कापले गेले, आणि ते योग्यच होतं. तेव्हा घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. तांब्या बरोबर न्या, कारण कमोडशेजारी जेट सापडणार नाही. आणि गरम पाण्याची टाकी किती लिटरची ते विचारा. बऱ्याच घरांत ती रात्री, स्वस्त विजेच्या वेळात तापते. सकाळी पाच जणांनी भरपूर अंघोळी केल्या की सहाव्याला गार पाणी. सांडपाणीही मैल्याच्या टाकीत जातं, म्हणून ओले वाइप्स, डायपर यातलं काहीही कमोडमध्ये टाकायचं नाही.

स्वयंपाकघराचा फोटो नीट मोठा करून बघा. इंडक्शन असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर तिथे निरुपयोगी. फ्रान्समध्ये 8 मार्च 2015 पासून प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे, तो लाल मिरचीच्या फोडणीला नक्की ओरडतो. खिडकी उघडा, बॅटरी काढू नका. पीठ, डाळी, मसाले आणायला हरकत नाही, पण तूप, पेढे, कढीपत्त्याची ओली पानं भारतातून आणू नका. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे आणि ओल्या पानांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. आईने सुपरमार्केटमधलं बिनमिठाचं लोणी कढवून तूप केलं आणि ‘साताऱ्यापेक्षा रवाळ झालं’ असं जाहीर केलं. शाकाहारी असाल तर ही शेगडी फारच महत्त्वाची, कारण पेरिगोरच्या हॉटेलांत बदकाशिवाय पान हलत नाही.

उन्हाळ्यात भाडं बहुधा शनिवार ते शनिवारच असतं. दुपारी चार-पाचला किल्ली, आठवड्याने सकाळी दहाला बाहेर. शनिवारी रात्री रिकाम्या हाताने पोचाल तर रविवारी दुपारनंतर गावात काही उघडं नसतं आणि सोमवारीही निम्मी दुकानं बंद. वाटेतच डिकी भरून घ्या.

करारात एक शब्द शोधा: आगाऊ रकमेला ‘आर’ (arrhes) म्हटलंय की ‘आकोंत’ (acompte). आर असेल तर तुम्ही रद्द केल्यास ती रक्कम बुडते, पण मालकाने रद्द केलं तर त्याने दुप्पट परत द्यायची असते. आकोंत असेल तर दोन्ही बाजूंनी करार पक्का. तुम्ही गेला नाहीत तरी मालकाला उरलेले पैसे मागता येतात. चौदा जणांत कोणाची तरी रजा किंवा व्हिसा अडकणारच, म्हणून हे बघाच. चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई, आणि अठरा वर्षांवरच्यांना दर रात्रीचा पर्यटन कर हे बरेचदा वेगळं असतं. पंधरापेक्षा जास्त माणसांच्या घराला आगीचे कडक, सार्वजनिक इमारतींचे नियम लागतात. कितीतरी घरं ‘14’ किंवा ‘15 जण’ यावर का अडतात, याचं हे एक कारण. तुम्ही चौदाच आहात, त्यात ‘दोन मित्र येऊन राहतील’ असं वाढवू नका.

दिवसभर काय कराल याची चिंता नको. सार्लाचा बुधवार-शनिवारचा बाजार, नदीच्या आमनेसामने उभे बेनाक आणि कास्तेल्नो हे इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धातले किल्ले, मुलांसाठी कनू म्हणजे वल्ह्याची छोटी होडी. आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची मूळ गुहा 1963 पासून बंद आहे, 2016 मध्ये उघडलेली प्रतिकृती बघायची, तिकीट आधी काढून. मला सगळ्यात आवडलं ते मिलांद. गायिका-नर्तकी जोसेफीन बेकर यांनी हे शातो आधी भाड्यानेच घेतलं होतं, 1947 मध्ये विकत घेतलं आणि पुढे कर्जापायी गमावलं. ते बघून आल्यावर आमच्या मेव्हण्यांचा ‘असलं एखादं विकतच घेऊ’ हा सूर बंद झाला.

उन्हाळ्यात खिडक्यांच्या लाकडी झडपा सकाळी नवाला लावायच्या आणि रात्री उघडायच्या. जाड दगडी भिंती बाकीचं बघतात, एसीची अपेक्षा ठेवू नका. तुमची मुलं महाराष्ट्रातल्या शाळेत असतील तर जुलैऐवजी मेचा विचार करा. भाडं बरंच उतरतं. मात्र तेव्हा त्याच भिंती थंडगार असतात, घराचा पोहण्याचा तलाव वापरण्याजोगा नसतो, आणि हीटिंगचे पैसे वेगळे लागतात का ते विचारावं लागतं.

आणि हो, व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो. मालकाकडून येणाऱ्या पत्रात तारखा, पत्ता आणि सगळ्या चौदा जणांची नावं पासपोर्टप्रमाणे लिहून घ्या. आमच्या पत्रात फक्त माझं नाव होतं. मग मावशीच्या अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री मालकीणबाईंना फोन करून दुसरं पत्र मागवावं लागलं.