केस कोणी कापले? : ‘हॅव’, ‘गेट’ आणि करवून घेण्याची इंग्रजी

प्रश्न : एका परदेशी सहकाऱ्याशी बोलताना मी ‘आय कट माय हेअर यस्टरडे’ असे म्हणालो, तेव्हा त्याने चकित होऊन ‘स्वतःच?’ असे विचारले. वाक्यात व्याकरणाची चूक तर दिसत नाही. मग बिघडले कुठे?

उत्तर : व्याकरणाची चूक नाहीच, घोटाळा आहे तो अर्थाचा. मराठीत ‘मी काल केस कापले’ असे म्हटले की ऐकणारा आपण केशकर्तनालयात जाऊन आलात असेच समजतो, आणि ‘मी अक्कलदाढ काढली’ हे ऐकून कोणाच्याही डोळ्यांसमोर आपल्या हातातला चिमटा येत नाही. ‘कापून घेतले’, ‘काढून घेतली’ अशी नेमकी रूपे मराठीत आहेत, पण रोजच्या बोलण्यात ती गाळली तरी काही अडत नाही, कारण काम प्रत्यक्ष कोणाच्या हातून झाले हे मराठी भाषा ऐकणाऱ्याच्या व्यवहारज्ञानावर सोडते. इंग्रजी मात्र, विशेषतः स्वतःचे शरीर आणि स्वतःच्या वस्तू यांच्याबाबत, ही मोकळीक सहसा देत नाही. ‘आय’च्या मागोमाग ‘कट’ आले की कात्री ‘आय’च्याच हातात असते.

दुसऱ्याकडून काम करवून घेतले असेल, तर इंग्रजीत आधी ‘हॅव’चे योग्य रूप, मग ती वस्तू आणि शेवटी क्रियापदाचे तिसरे रूप, असा क्रम लागतो : ‘आय हॅड माय हेअर कट’, ‘शी इज हॅविंग हर आइज टेस्टेड’, ‘वी विल हॅव द रूफ रिपेअर्ड’. काळ बदलला की बदलते ते फक्त ‘हॅव’. तिसरे रूप जागचे हलत नाही. काम कोणी केले हे सांगायचेच असेल, तर शेवटी ‘बाय’ जोडता येतो, पण न्हाव्याने केस कापले आणि दंतवैद्याने दात काढला हे मुद्दाम सांगण्यात काय हशील?

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. मोठ्या बांधकामांच्या बाबतीत इंग्रजीही मराठीइतकीच सैल होते. गिझाचा मोठा पिरॅमिड खुफूने बांधला असे इंग्रजीतही सरळ ‘बिल्ट’ वापरून लिहितात, आणि राजाने दगड वाहिले असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही.

प्रश्न : ‘आय हॅड रिपेअर्ड द कार’ आणि ‘आय हॅड द कार रिपेअर्ड’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. मग एवढ्याशा अदलाबदलीने अर्थ कसा बदलतो?

उत्तर : शब्द तेच दिसतात, पण दोन्हीकडचे ‘हॅड’ एक नव्हे. पहिल्या वाक्यातले ‘हॅड’ हे पूर्ण भूतकाळाचे साहाय्यक क्रियापद आहे : मी गाडी दुरुस्त केली होती, आणि तीही स्वतः. दुसऱ्यातले ‘हॅड’ हे मुख्य क्रियापद आहे : मी गाडी दुरुस्त करवून घेतली. ही गोष्ट नुसती मान्य करण्यापेक्षा पडताळून पाहावी, आणि त्यासाठी प्रश्न विचारण्यासारखे साधन नाही. पहिल्या वाक्याचा प्रश्न ‘हॅड यू रिपेअर्ड द कार?’ असा होतो, म्हणजे ‘हॅड’ स्वतः उठून पुढे येते. दुसऱ्याचा प्रश्न ‘डिड यू हॅव द कार रिपेअर्ड?’ असा होतो. तिथे ‘हॅव’ला इतर कोणत्याही साध्या क्रियापदाप्रमाणे ‘डिड’ची मदत लागते. नकाराचेही तसेच : ‘आय हॅडन्ट रिपेअर्ड इट’ आणि ‘आय डिडन्ट हॅव इट रिपेअर्ड’. शिवाय पहिल्या वाक्यात ‘आय हॅड’चा संक्षेप ‘आय्ड’ असा होऊ शकतो, दुसऱ्यात होत नाही. ‘कट’सारख्या तिन्ही रूपे सारखीच असलेल्या क्रियापदावर ही रचना शिकवू नये असे माझे मत आहे, कारण तिथे तिसरे रूप डोळ्यांना दिसतच नाही, ‘रिपेअर्ड’ किंवा ‘टेकन’ घेऊन सुरुवात केलेली बरी.

प्रश्न : ‘शी हॅड हर बॅग स्टोलन’ म्हणजे तिने स्वतःची बॅग चोरून नेववली काय?

उत्तर : नाही. ज्या गोष्टी कोणी मुद्दाम घडवून आणणार नाही, त्यांच्या बाबतीत हीच रचना ‘तिच्यावर तो प्रसंग ओढवला’ एवढेच सांगते. मराठीत आपण ‘तिची बॅग चोरीला गेली’ असे म्हणू.

प्रश्न : ‘हॅव’, ‘गेट’, ‘मेक’ आणि ‘लेट’ यांच्यापुढे माणूस आला की मुले कुठे ‘टू’ घालतात, कुठे गाळतात. मी शिक्षिका आहे. याला मराठीचा काही आधार देता येईल का?

उत्तर : चांगला देता येईल, कारण या छटा मराठीत आधीच आहेत. ‘मेक’ म्हणजे करायला लावणे, ‘लेट’ म्हणजे करू देणे, ‘हॅव’ म्हणजे सांगून करवून घेणे, आणि ‘गेट’ म्हणजे पटवून, मनधरणी करून करवून घेणे. ‘शी मेड हिम साइन’ यात बळजबरी आहे, ‘शी लेट हिम साइन’ यात परवानगी आहे, ‘शी हॅड हिम साइन’ यात कामाची नुसती वाटणी आहे (हा प्रयोग अमेरिकी इंग्रजीत अधिक आढळतो), तर ‘शी गॉट हिम टू साइन’ म्हटले की त्याने आधी बरेच आढेवेढे घेतले असावेत असे वाटते. चौघांत ‘टू’ मागणारे एकटे ‘गेट’ आहे. मात्र ‘मेक’ची कर्मणी रचना केली की तिथेही ‘टू’ परत येतो : ‘दे मेड मी वेट’, पण ‘आय वॉज मेड टू वेट’. परीक्षेत मुले नेमकी इथे चुकतात.

वस्तूच्या बाबतीत ‘हॅव’ आणि ‘गेट’ बहुधा एकमेकांच्या जागी चालतात, फक्त ‘गेट’ अधिक बोलीतले आहे. पण ‘आय मस्ट गेट द रिपोर्ट फिनिश्ड बाय सिक्स’ यात अहवाल बोलणारा स्वतःच लिहीत असू शकतो. तिथे ‘गेट’चा अर्थ एकदाचे काम मार्गी लावणे असा होतो.

प्रश्न : पडणे–पाडणे, पिणे–पाजणे अशी प्रयोजक रूपे इंग्रजीत मुळीच नाहीत काय?

उत्तर : आहेत, पण ती आता जोड्या म्हणून ओळखू येत नाहीत. मराठीत ‘पड’चे ‘पाड’ होते, तसेच इंग्रजीत ‘फॉल’चे ‘फेल’ होते. झाड पाडण्याला आजही ‘फेल अ ट्री’ असेच म्हणतात. ‘सिट’ आणि ‘सेट’, ‘राइज’ आणि ‘रेझ’, ‘लाय’ आणि ‘ले’ या त्याच घराण्यातल्या जोड्या आहेत. ‘ड्रेंच’चा मूळ अर्थ तर ‘पाजणे’ असाच होता, आणि जनावरांना तोंडावाटे औषध पाजण्याला पशुवैद्यकात तोच शब्द अजून वापरतात. यांतली ‘लाय’–‘ले’ ही जोडी खुद्द इंग्रजी भाषकांनाही चकवते, कारण पडून राहणे या अर्थाच्या ‘लाय’चे भूतकाळी रूपही ‘ले’ असेच आहे.