शेवाळ नव्हे, शेंबूड!

प्रतापनगरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या पाचवीतल्या मुलानं 'माझा आवडता खेळ' या निबंधात व्हिडिओ गेममधल्या स्लाइम नावाच्या प्राण्याबद्दल लिहिलं, 'तो स्लाइम उड्या मारत अंगावर येतो.' शाळेतल्या बाईंनी लाल शाईनं 'तो स्लाइम' खोडून वर 'ते शेवाळ' केलं. ताईंचा प्रश्न एवढाच, की 'तो' बरोबर की 'ते'?

ताई, 'तो' आणि 'ते' राहू द्या बाजूला. आधी ते शेवाळ काढा!

हा 'स्लाइम म्हणजे शेवाळ' प्रकार मी गेली काही वर्षं सारखा ऐकतो आहे आणि दर वेळी माझं डोकं तापतं. तुम्ही नागपूरच्या, म्हणजे घरी कूलर असणारच. जूनमध्ये त्याच्या टाकीत हात घालून बघा. उजेडाच्या बाजूला जे हिरवं धरलेलं असतं, ते शेवाळ. ते उन्हावर स्वतःचं अन्न करतं, झाडापानांसारखं. पण पंपाच्या नळीत, पार अंधारात, बोट लावलं की सटकन घसरतं असा एक बिनरंगी थर असतो. तिथं ऊनच पोचत नाही, शेवाळ कुठून येणार? जिवाणूंनी आपल्याभोवती सोडलेलं ते चिकट पांघरूण. स्लाइम म्हणायचं तर त्याला. बाईंच्या हिशेबानं शेंबूडही शेवाळच ठरेल, हिरवा असला म्हणजे झालं.

शेंबूड मी उगीच काढला नाही. त्याच्याकडे येतोच.

चिखल, राड, गाळ हे इंग्रजी शब्दाचे बाकीचे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील, त्यात वेळ घालवत नाही. खेळातल्या प्राण्याला मराठीत काय म्हणायचं हे ठरवायला तो कशाचा बनलेला आहे हे ठरवावं लागतं, आणि त्यावर खेळणाऱ्यांत केवढे तट पडले आहेत हे मला माझ्या भाच्यामुळे कळलं. या प्राण्याचं आजचं गोंडस रूप जपानचं. १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ गेम आला, त्यात युजी होरिई यांनी कल्पिलेल्या लिबलिबीत ढिगाऱ्याला चित्रकार अकिरा तोरियामा यांनी थेंबाचा आकार दिला, वर हसरं तोंड. 'माइनक्राफ्ट' या दुसऱ्या गेममधला मात्र चौकोनी ठोकळा. बाहेरून अर्धपारदर्शक हिरवा आणि आत आणखी एक गडद ठोकळा, डोळे त्याला.

एक तट पखालवाल्यांचा. यांच्या मते स्लाइम म्हणजे वर पातळ कातडं, आत पाणी आणि मधोमध केंद्रक, थोडक्यात डबक्यातल्या अमीबाची अवाढव्य पेशी. दुसरा तट जेलीवाल्यांचा. कातडंबितडं काही नाही, आतून बाहेरून एकच माल. यांच्या बाजूनं मी एक पुरावा देतो, तो भाच्यालाही ठाऊक नव्हता. अमेरिकेत मॅटेल कंपनीनं १९७६ साली डबीतलं हिरवं स्लाइम खेळणं म्हणून विकायला काढलं, ते होतं गवारीच्या बियांचा डिंक आणि टाकणखार यांचा. हो, आपली भाजीची गवार! डिंकाचे लांबलचक रेणू पाण्यात सुटे पोहत असतात, टाकणखार त्यांना जागोजागी गाठी मारतो, आणि त्या जाळ्यात पाणी अडकून पडतं. कातडं नसताना एकसंध राहतं ते असं.

इथं मराठी कामाला येते. इंग्रजीत 'स्लाइमी' म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे बुळबुळीत वेगळं, लिबलिबीत वेगळं, गिळगिळीत वेगळं आणि चिकट आणखी वेगळं. बुळबुळीत हा पृष्ठभागाचा गुण आहे, ओल्या फरशीवरच्या साबणाचा. लिबलिबीत हा अंगाचा गुण, पार पिकलेल्या पपईचा. आता सांगा, उड्या मारणारा प्राणी बुळबुळीत असेल का? उडीला जमिनीवर रेटा द्यावा लागतो आणि रेट्याला पकड. बुळबुळीत स्लाइम जागच्या जागी घसरत बसेल. तेव्हा तो लिबलिबीत आणि चिकट. माइनक्राफ्टमध्ये त्याचा गोळा लावला की दट्ट्याही चिकट होतो, म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनाही हे मान्य दिसतं. आमची पोरं मात्र सरसकट 'चिपचिपा' म्हणतात. इथल्या बोलीत हिंदी मुरलेली आहे, त्याला माझी हरकत नाही. पण घरात चार शब्द असताना शेजारून पाचवा उसना कशाला आणायचा बाप्पा?

तिसरा तट माझा लाडका. हे म्हणतात, स्लाइम म्हणजे जंगलात कुजक्या लाकडावर सापडणारा पिवळा फायझेरम आणि त्याचे भाऊबंद, इंग्रजीत ज्यांना 'स्लाइम मोल्ड' म्हणतात ते जीव. हिंदी पाठ्यपुस्तकांत त्यांना 'अवपंक कवक' म्हणतात. काय शब्द आहे! पंक म्हणजे चिखल, जो हा नाही, आणि कवक म्हणजे बुरशी, जी हा नाही. दोन शब्दांत दोन चुका करायला समितीच बसावी लागते. बुरशीच्या गटातून त्याला कधीच बाहेर काढलं आहे, तो अमीबांच्या बाजूचा. एकच पेशी, पण केंद्रकं असंख्य, आणि पसरून हातभर जागा व्यापू शकते. जपानी संशोधकांनी टोकियोच्या आसपासच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडून त्याला मोकळं सोडलं, तर त्यानं तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी मिळतंजुळतं जाळं विणलं. २०१० साली 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. त्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा जगतो. तुकडे जवळ ठेवले तर ते परत एक होतात.

आता खेळ पाहा. ड्रॅगन क्वेस्टमध्ये आठ स्लाइम एकत्र येऊन एक राजा स्लाइम होतो. हा आठाचा आकडा मला फार आवडला, कारण बाजू दुप्पट झाली की घनफळ आठपट होतं. जपान्यांचा हिशेब चोख. (राजाचा मुकुट कुठून येतो हे विचारू नका.) माइनक्राफ्टमध्ये उलट, मोठा मारला की निम्म्या बाजूचे दोन ते चार निघतात. हिशेबानं आठ निघायला हवे होते. म्हणजे निम्मा माल तरी गायब! यावर पखालवाले लगेच उसळतात: फुटली की पखाल, सांडलं पाणी. उत्तर वाईट नाही.

पण फुटणं आणि जुळणं हाच ज्याचा स्वभाव, त्याचं नाव संस्कृतात तयार बसलेलं आहे. श्लिष्, म्हणजे चिकटणे, मिठी मारणे. त्यातून आश्लेष. एका शब्दाला दोन अर्थ चिकटले की श्लेष अलंकार. जुळणं ते संश्लेषण, सुटं करणं ते विश्लेषण. आणि शरीरातला चिकट पदार्थ तो श्लेष्मा. दहा मिनिटांत संश्लेषण आणि विश्लेषण दोन्ही करून दाखवणारा प्राणी श्लेष्मा नाही तर कोण?

लगेच कोणीतरी म्हणणार, 'बघा, स्लाइम हा श्लेष्मावरूनच आला.' नाही! ही गंमत पसरवणाऱ्यांनी नुसता कान लावला आहे, नियम पाहिलेला नाही. संस्कृतातल्या अशा 'श'च्या जागी लॅटिन-ग्रीकमध्ये नियमानं 'क' सापडतो. शतम् तर लॅटिनमध्ये केंतुम. श्लिष्‌चा सोयरा तिकडे शोधायचा तर 'क्ल'मध्ये शोधा. स्लाइमचे सख्खे म्हणजे जर्मन श्लाइम आणि लॅटिन लीमुस, म्हणजे गाळ. भाषाशास्त्रज्ञ त्याच मुळाशी संस्कृतातला 'ली' जोडतात, लीन आणि विलीनमधला, आणि त्याचाच वाढीव फाटा म्हणून लिप्, म्हणजे आपलं लिंपणं आणि लेप. खेड्यात भिंत लिंपणारी आजी स्लाइमच्या जास्त जवळची आहे, श्लेष्मा नव्हे. लिबलिबीतमधला 'लिब'सुद्धा त्याच लिप्‌चा, असं मला वाटतं. तो नुसता अनुकरणवाचक आहे असं मानणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे.

श्लेष्मा मात्र मराठीत येता येता जो काही झाला आहे, त्याला तोड नाही. इथल्या एका विहारात पालीचा वर्ग चालायचा, तिथं शरीराच्या बत्तीस घटकांचा पाठ घेत होते: पित्तं, सेम्हं, पुब्बो, लोहितं... सेम्हं कानावर पडलं आणि मी ताडकन उठून बसलो. श्लेष्माचं पालीत सेम्ह. म्ह पुढे प्राकृतात ंभ होतो, जसा बम्हणाचा बंभण. मग सेंभ. मराठीत ए-इच्या आधीच्या स चा श: सेज्जाची शेज, सेट्ठीचा शेठ. सेंभाचा झाला शेंब, मागून एक 'ऊड' चिकटला, आणि शेंबूड तयार. शेठ आणि शेंबूड एकाच रस्त्यानं चालत आले!

काही जण शेंबूड 'सिंघाण'वरून काढतात. नाकातल्या मळाला पालीत सिंघाणिका म्हणतात, त्याच पाठात पुढे ती येते, म्हणून मोह होतो. पण घ चा ब कसा झाला ते त्यांनी सांगावं, मी थांबतो. घडलं ते इतकंच, की पालीतला सेम्ह छातीतला कफ होता आणि मराठीनं तो नाकात आणला. एवढं स्थलांतर शब्द नेहमी करतात.

तेव्हा ताई, माझा सरळ प्रस्ताव: त्या प्राण्याला मराठीत 'शेंबड्या' म्हणा. लिबलिबीत, चिकट, मागे लागला की सुटत नाही, आणि तोंड मात्र हसरं. बाईंना हवं तर माझं नाव सांगा.

हां, लिंगाचं राहिलंच. अंगावर येतो तो 'तो', डबीतलं खेळणं 'ते'. तुमच्या मुलानं बरोबर लिहिलं होतं.