तीर्थन नदीला ट्राउट माशासाठी पहिल्यांदा जाताना

हिमाचलात जातोच आहेस, तर आधी मत्स्य विभागाचा परवाना काढ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते. तळ्याकाठी गळ टाकून बसायची सवय इथे कामाची नाही. हा मासा प्रवाहाकडे तोंड करून मोठ्या धोंड्यामागच्या संथ पाण्यात दबा धरतो. म्हणून प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता जा. छोटा स्पिनर (फिरत्या चकचकीत पात्याचा गळ) धोंड्याच्या वरच्या बाजूला टाक आणि दोर प्रवाहापेक्षा जरा जलद गुंडाळ, नाहीतर दगडात अडकलाच समज. मे महिन्यात दुपारी बर्फाचं पाणी येऊन नदी गढुळते, सकाळ गाठ. महागड्या रॉडच्या नादी लागू नकोस, दुकानदार भरीस पाडतीलच. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाक. मासा सोडायचा असेल तर हात ओले करूनच धर. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.