विसरलं म्हणून खचू नकोस

प्रिय मित्रा,

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं, पुन्हा पाठ केलं आणि पुन्हा विसरलं, म्हणून आपण डॉक्टर व्हायच्या लायकीचेच नाही, असं तू लिहिलंस. माझं शिक्षण नुकतंच संपलंय, ती धास्ती मला अजून चांगली आठवते. म्हणूनच ठामपणे सांगते, विसरण्याचा आणि लायकीचा काही संबंध नाही. आपल्या अभ्यासातलं बरंचसं पहिल्या वाचनात टिकतच नाही. ते पेशंटजवळ पुन्हा भेटतं, आणि तेव्हा पक्कं बसतं.

प्लेक्ससचंच घे. सी-५ ते टी-१ या मणक्यातून निघणाऱ्या नसांच्या मुळांपासून फुटलेल्या फांद्या वहीत नुसत्या रेषा वाटतात. इंटर्नशिपमध्ये एक गृहस्थ आले. हात पुढे केला की त्यांचं मनगट खाली लोंबायचं. रात्री खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपले होते, सकाळी मनगट उचलेना. मूठही ढिली पडलेली. सरांनी मनगटाला खालून आधार देऊन ते सरळ धरलं आणि म्हणाले, "आता दाबा माझं बोट." पकड लगेच सुधारली! म्हणजे मूठ वळवणारे स्नायू शाबूत होते, मनगट उचलणारे नव्हते. कोपर मात्र ते ताकदीने सरळ करत होते. ट्रायसेप्सच्या (कोपर सरळ करणाऱ्या स्नायूच्या) फांद्या सुटल्यावर रेडियल नर्व्ह, म्हणजे मनगट उचलणाऱ्या स्नायूंची नस, दंडाच्या हाडाला वळसा घालते, तिथेच ती दाबली गेली होती. एमआरआय नाही, काही नाही; नुसत्या हाताने तपासून जागा सापडली. मी त्या रेषा कितीदा गिरवल्या असतील, पण समजल्या त्या दिवशी. अशी दाबली गेलेली नस बहुतेकदा काही आठवड्यांत सावरते, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला, तोही लक्षात राहिला.

तोवर काय करायचं? तेच पान दहा वेळा वाचत बसू नकोस. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढ, चुकलं तेवढंच बघ, दोन दिवसांनी पुन्हा काढ, मग आठवड्याने. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की शिकल्यावर सुरुवातीला विसरणं सगळ्यात झपाट्याने होतं, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते.

पुढे स्टेथोस्कोप हातात आला की अशीच भीती पुन्हा येईल. सगळे "मर्मर आहे" (हृदयाचा जादा आवाज आहे) म्हणतील आणि तुला ऐकू येणार नाही. ऐकू आल्याचं सोंग करू नकोस. मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाल्याचा, आवाज मुळातच खालच्या पट्टीतला. पेशंटला डाव्या कुशीवर वळव, एपेक्सवर (हृदयाच्या टोकाशी) स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, हलकेच टेकव, श्वास पूर्ण सोडून क्षणभर थांबायला सांग. तरीही नाही आला, तर "सर, मला नाही ऐकू आला" असं सरळ सांग. चांगले शिक्षक तेव्हा थांबून शिकवतात. कान तयार व्हायला वेळ लागतो, प्रत्येकाला लागतो.

बाकी रँक, कोण किती तास वाचतं, यावर माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. मात्र झोप उडाली, जेवण जाईना, सकाळी उठूच नये असं बरेच दिवस वाटत राहिलं, तर ते अभ्यासाचं टेन्शन म्हणून अंगावर काढू नकोस. घरी सांग, डॉक्टरांना भेट. पेशंटला आपण हेच सांगतो ना?

तुझ्या बहिणीलाही याच वाटेला यायचंय आणि रक्ताची भीती वाटते म्हणून ती मागेपुढे बघतेय, असं लिहिलंस. डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी गरगरलेले पुढे सर्जरीतही रमतात, हे मी बघितलंय. तिला वेगळंच विचार: एखादा माणूस आपलं दुखणं फाटे फोडत, मागचं पुढे करत सांगत असेल, तर ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायला तिला आवडतं का? आमचा निम्मा दिवस त्यातच जातो, आणि निदानाचा धागा बहुतेकदा तिथेच सापडतो. तिचं उत्तर "हो" असेल, तर बिनधास्त फॉर्म भरू दे. आणि शंका असतील तर मला थेट फोन करायला सांग, रविवारी मी मोकळी असते.

तुझी,
ताई