डोंगरात मुक्काम, सोबत मोटारसायकल : वाचकांचे प्रश्न

मोटारसायकलवरून दुर्गम डोंगरात जायचे आणि वस्तीपासून दूर तंबू ठोकायचा, याविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न जोडून एक केले आहेत.

प्रश्न : तंबूसाठी जागा शोधता शोधता दर वेळी अंधार पडतो आणि मिळेल तिथे पाठ टेकावी लागते. चांगली जागा ओळखायची कशी?

जागेच्या आधी वेळेचे बोलू, कारण खरी चूक तिथे होते. सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाडी थांबलीच पाहिजे. अरुंद दरीत सूर्य पंचांगातल्या वेळेच्या कितीतरी आधी डोंगराच्या धारेमागे जातो, म्हणून हे दोन तास दरीतल्या उजेडावरून मोजा. पायी चालणारा दमला की आपोआप थांबतो. गाडीवर मात्र 'पुढच्या वळणानंतर बरी जागा असेल' असे म्हणत आणखी वीस किलोमीटर सहज जातात. डोंगरातल्या बहुतेक वाईट रात्रींचे मूळ त्या वीस किलोमीटरांत असते.

जागा दिसली की गाडी रस्त्यावरच ठेवा आणि आधी पायी फिरून या. ओढ्याचे कोरडे पात्र आणि त्यालगतची सपाट वाळू मोहात पाडते, पण पाऊस दहा-पंधरा किलोमीटर वर पडला तरी लोंढा तुमच्यापर्यंत येतो आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा चांदणे असू शकते. झुडपांत अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते पाहा. मागचे पाणी तिथवर चढले होते. हिमनदीतून येणाऱ्या ओढ्याची गोष्ट वेगळी. दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळते आणि पाणी दुपारी उशिरा ते संध्याकाळी सर्वांत जास्त, तर पहाटे सर्वांत कमी असते. संध्याकाळी असा ओढा ओलांडावा लागत असेल तर अलीकडेच मुक्काम करा आणि सकाळी लवकर निघा.

मग वर पाहा. घळीच्या तोंडाशी किंवा घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या दगडांच्या उताराच्या, पायथ्याशी तंबू नको. पडलेल्या दगडांवर शेवाळ-दगडफूल चढलेले असेल तर ते जुने आहेत. कडा धारदार आणि रंग ताजा असेल तर तिथे अजून दगड येतात. झाडाखाली थांबणार असाल तर वाळलेल्या फांद्या तपासा.

दरीचा अगदी तळही टाळा. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली साचते, त्यामुळे तळापेक्षा वीस-तीस मीटर वरची पायरी बऱ्याचदा स्पष्टपणे उबदार आणि कोरडी असते. दुसऱ्या टोकाला, उघडी धार आणि खिंड नको, कारण तिथे वारा आणि वीज दोन्ही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. हे अंतर तीस सेकंदांच्या आत आले तर उघड्यावर थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

तंबू उलगडण्याआधी जमिनीवर आडवे होऊन पाहा. उभ्याने न जाणवणारा उतार पाठीला लगेच कळतो.

प्रश्न : पावसाळी रात्री साइड स्टँड मातीत रुतला आणि गाडी तंबूपासून हातभर अंतरावर आडवी झाली. गाडी उभी करण्याची बरोबर पद्धत कोणती?

हातभर अंतर हीच पहिली चूक. गाडी पडली तरी तिचे हँडल तंबूपर्यंत पोहोचणार नाही इतके, म्हणजे तीन-चार मीटर अंतर हवे. तंबूची ताणदोरी गाडीला बांधण्याची सवय अनेकांना असते. ती सोडा. वाऱ्याने तंबू ओढला तर गाडी अंगावर येते.

स्टँडखाली आठ-दहा सेंटिमीटर रुंदीची चकती ठेवा. नसेल तर चपटा दगड चालतो. संध्याकाळी टणक वाटणारी जमीन रात्रीच्या पावसाने मऊ होते, म्हणून चकती रोज ठेवायची, जमीन पाहून ठरवायचे नाही. उतारावर गाडीचे तोंड चढाकडे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकते, स्टँड मागे दुमडतो आणि गाडी पडते. पुढच्या ब्रेकचा लीव्हर रबरी पट्ट्याने मुठीला आवळून बांधला तर आणखी चांगले. स्टँडची बाजू चढाकडे येऊ देऊ नका. तसे झाले तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या एका धक्क्याने पलीकडे जाते. त्याच कारणाने वारा स्टँडच्या विरुद्ध बाजूने यावा, म्हणजे तो गाडीला स्टँडवर दाबत राहतो. सेंटर स्टँड फक्त टणक, सपाट जमिनीवर आणि वारा नसताना.

वाळलेल्या गवतावर तापलेल्या सायलेन्सरसह गाडी नेऊ नका. विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा, फार तापणारा भाग) खालच्या बाजूला असेल तर गवत पेटायला फार वेळ लागत नाही.

प्रश्न : स्लीपिंग बॅगवर उणे पाच अंश लिहिले आहे, पण शून्याच्या आसपासच थंडीने झोप लागत नाही. बॅग खराब आहे का?

बहुधा नाही. लेबलवर ठळक छापलेला आकडा अनेकदा 'लिमिट'चा असतो. स्लीपिंग बॅगच्या आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकात तीन मुख्य आकडे असतात : कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे आरामात झोप लागते ते तापमान. लिमिट म्हणजे अंग आखडून झोपलेला माणूस जेमतेम रात्र काढतो ते तापमान. एक्स्ट्रीम हा जीव वाचवण्यापुरता आकडा आहे, त्यावर बेत आखायचा नसतो. खरेदी नेहमी कम्फर्टचा आकडा पाहून करा, आणि अपेक्षित किमान तापमानापेक्षा तो पाच अंश कमी असू द्या. अंदाजासाठी : उंची दर हजार मीटरला वाढली की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते.

पण खरी शंका चटईवर घ्यायला हवी. अंगाखाली दबलेल्या भागातली हवा निघून जाते, त्यामुळे बॅग खालून जवळजवळ काहीच ऊब देत नाही. तिथे चटईचे आर-मूल्य, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, कामाला येते. शून्याच्या आसपास किमान ४, त्याखाली ५ ते ६ हवे. ही मूल्ये बेरजेने वाढतात : ३ ची हवा भरायची चटई आणि २ ची फोमची चटई मिळून ५ होते. आमची शिफारस याच जोडीची आहे. हवेची चटई काट्याने फुटली तरी फोम उरतो, आणि दिवसा ती सामानावर बांधायला जागा फारशी घेत नाही. त्यावरही थंडी वाजली तर कोरडे रायडिंग जॅकेट-पँट चटईखाली पसरा.

झोपायचे कपडे आणि मोजे वेगळे, कोरडे ठेवा. दिवसभराच्या घामाचे मोजे घालून झोपणे हे पाय गार पडण्याचे नेहमीचे कारण आहे. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती पायांशी घ्या. फोन, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि पाण्याचा फिल्टरही आत घ्या.

प्रश्न : गॅसचा डबा अर्धा भरलेला असूनही सकाळी स्टोव्ह नुसता फुरफुरतो. पेट्रोलचा स्टोव्ह घ्यावा का?

डब्यात साधारणपणे प्रोपेन, आयसोब्युटेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. समुद्रसपाटीच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत, आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत वायू होत राहतो, साधा ब्युटेन मात्र उणे अर्ध्या अंशाशीच अडतो. वापरताना प्रोपेन आधी संपतो, म्हणून अर्धा डबा थंडीत हटून बसतो. शिवाय वायू होताना डबा स्वतःही गार होतो. डबा रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा आणि सकाळी कोमट पाण्याच्या भांड्यात उभा करून वापरा. ज्योतीवर तापवू नका. स्टोव्ह डब्यावरच बसवायचा असेल तर वारा अडवणारा पत्रा डब्याभोवती पूर्ण गुंडाळू नका, डबा तापून फुटू शकतो.

लांबच्या, थंड प्रवासाला पेट्रोलचा स्टोव्ह जास्त भरवशाचा, कारण इंधन गाडीतच असते. पण हवा मारणे, नळी आधी तापवणे, सुरुवातीची उंच ज्योत हे सारे घरी अंगणात दहा वेळा करून मगच न्या. पेट्रोलने काजळी धरते आणि जेट, म्हणजे इंधन बाहेर पडण्याचे बारीक छिद्र, तुंबतो. जेट साफ करायची सुई आणि पंपाच्या सुट्या ओ-रिंगा (गळती रोखणारी रबरी कडी) सोबत हव्यातच. अनेक नव्या गाड्यांच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढता येत नाही, म्हणून स्टोव्हची बाटली पंपावरच भरून घ्या, खुणेच्या वर नाही. बाटलीतला दाब सोडूनच ती सामानात बांधा. ती स्लीपिंग बॅगजवळ ठेवू नका.

स्टोव्ह कोणताही असो, बंद तंबूत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओले किंवा बर्फाने झाकलेले कापड हवा जाऊ देत नाही आणि डोके जड झाल्याचे लक्षात येईपर्यंत हातपाय ऐकेनासे झालेले असतात.

प्रश्न : १,२०० मीटरवरून निघून संध्याकाळपर्यंत ४,२०० मीटरवर तंबू लावायचा बेत आहे. गाडीला अडचण नाही. आम्हाला काही त्रास होईल का?

होण्याची शक्यता मोठी आहे. हा बेत बदला. गाडी तुम्हाला काही तासांत तीन हजार मीटर चढवते, शरीराला त्यासाठी कित्येक दिवस लागतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढावी. दिवसा उंच खिंड ओलांडून पलीकडे खाली झोपणे चालते. मोजायची ती झोपण्याची उंची. तुमच्या मार्गावर पहिला मुक्काम २,५०० ते २,८०० मीटरच्या दरम्यान करा आणि तिथून पुढे चार-पाच दिवसांत ४,२०० गाठा.

स्वारांच्या बाबतीत एक गफलत वारंवार होते. डोकेदुखी हेल्मेटमुळे आहे असे समजून गोळी घेतली जाते आणि पुढे चढाई सुरू राहते. ३,००० मीटरच्या वर डोके दुखले आणि सोबत मळमळ, भूक न लागणे किंवा विलक्षण थकवा असेल तर ते उंचीमुळे आहे असेच धरा आणि वर जाऊ नका. एका रात्रीत उतार पडला नाही तर खाली या. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलणे असंबद्ध असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर सकाळची वाट पाहू नका. निदान ३०० ते १,००० मीटर, बरे वाटेपर्यंत खाली उतरवा. अशा माणसाला गाडी चालवू देऊ नका. त्याची गाडी तिथेच सोडा आणि त्याला दुसऱ्या गाडीवर मागे किंवा मिळेल त्या वाहनाने न्या. गाडीसाठी थांबून राहण्यात जीव जाऊ शकतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या रात्री नकोतच. उंचीच्या त्रासावरील अ‍ॅसिटाझोलामाइड या औषधाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, विशेषतः सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर.

प्रश्न : उंचावर टायरमधली हवा तपासली तर ती वाढलेली दिसते. काढून टाकावी का?

काढू नका. गेज, म्हणजे हवा मोजायचे यंत्र, टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. ४,००० मीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साडेपाच ते सहा पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) कमी असतो, म्हणून तेवढाच आकडा वर सरकतो. थंडी उलट दिशेला काम करते. तीस पीएसआयचा टायर वीस अंशांनी गार झाला तर साधारण तीन पीएसआय घटतात. वर हवा काढून खाली उतरलात तर टायर मऊ पडतो आणि दगडावर रिम वाकते. खडबडीत वाटेसाठी मुद्दाम हवा कमी केली असेल तर ती परत भरायला पंप जवळ हवा.

कार्ब्युरेटरच्या गाडीची ताकद दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास घटते आणि मिश्रण दाट होते. इंजेक्शनच्या गाडीचे मिश्रण आपोआप जुळते, ताकद मात्र तिचीही घटते. थंड सकाळी क्लच दाबून स्टार्टर मारा. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट बॅटरीला द्या.

प्रश्न : खडकाळ जमिनीत खुंट्या शिरतच नाहीत. काय करावे?

खुंट्यांवाचून उभा राहणारा तंबू घ्या. ताणदोरीचे लांब वेटोळे लहान दगडाभोवती टाका आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, मोठा दगड ठेवा. ओढ बसली की लहान दगड मोठ्यावर अडतो आणि दोरी मोठ्याखाली घासून तुटत नाही. वाळूत किंवा बर्फात सामानाची पिशवी भरून आडवी पुरा आणि तिला दोरी बांधा. तंबूची अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे. खालचे कापड तंबूबाहेर डोकावले तर पाऊस गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणते, ते आत दुमडा.

प्रश्न : वाहते, नितळ पाणी तसेच प्यायले तर चालते ना?

चालत नाही, वर जनावरे चरत असतात. पाणी खळाखळा उकळू लागल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळा. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की तंतू फाटतात आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणूनच स्लीपिंग बॅगच्या उत्तरात तो झोपताना जवळ घ्या म्हटले. हिमनदीचे गढूळ पाणी काही तास निवळू द्या, नाहीतर फिल्टर तुंबतो. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी पावले दूर, वीतभर खोल खड्डा. भांडीही तितक्याच अंतरावर धुवा.

प्रश्न : मोकळ्या जागेत कुठेही तंबू लावायला कायद्याने परवानगी असते का?

देशोदेशी नियम वेगळे. नॉर्वेत वस्तीच्या घरापासून १५० मीटर अंतर राखून मोकळ्या रानात मुक्काम करता येतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने असा हक्क दिला आहे. पण दोन्हीकडे हा हक्क माणसाचा आहे, मोटारसायकलचा नाही. गाडी रस्त्यालगत ठेवून तंबू पायी न्यावा लागतो. इतरत्र आधी चौकशी करा, आणि मेंढपाळ दिसला तर त्याला विचारा. पाणी, दगड आणि कुत्री यांची त्याच्याइतकी माहिती कोणाकडेही नसते.

प्रश्न : एकट्याने जायचे आहे आणि फोनला रेंज नसेल. किमान तयारी काय?

मार्ग आणि परतीची वेळ एका माणसाला लिहून द्या, आणि किती तास उशीर झाला की त्याने शोध सुरू करवायचा तेही. ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा संकेत देणारे छोटे यंत्र, नोंदणी करून घ्या. तो फक्त संकटाचा इशारा पाठवतो आणि वर्गणी लागत नाही. दुतर्फा संदेशाच्या उपग्रह यंत्राला वर्गणी लागते. भारतासह काही देशांत परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगणे गुन्हा आहे, ते आधी तपासा. शिटी आणि टॉर्च अंगावर ठेवा, पेटीत नाही : मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी येते.

पडलेली गाडी एकट्याने उचलण्याचा सराव निघण्याआधी करा. किल्ली बंद, सामान उतरवा, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून गुडघ्यांत वाका, एक हात खालच्या मुठीवर, दुसरा मागच्या चौकटीवर, आणि पाठ सरळ ठेवून छोट्या पावलांनी मागे चालत जा. उचलल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. तेल आणि पेट्रोल जागेवर यायला पाच मिनिटे द्या, तेवढ्यात लीव्हर आणि ब्रेकची नळी तपासून होते.