उसवताना कापड का फाटतं आणि रिपर कुठला घ्यावा

ताई, तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. नव्या मशिनीच्या डब्यात आलेल्या रिपरने, म्हणजे शिवण उसवायच्या छोट्या हत्याराने, खणाचं ब्लाउज उसवताना काखेत चीर गेली, तर आता चांगल्या कंपनीचा महागडा रिपर मागवावा का, हा पहिला. बाळाच्या दुपट्याचे दोन तुकडे उलटे जोडले गेलेत, ते ताणले न जाता कसे सोडवायचे, हा दुसरा. आणि खानापूरच्या घरी सासूबाईंची जुनी वाकळ आहे, तिची वरची विरलेली साडी काढून दुसरी चढवायची आहे, तिथं रिपर चालेल का, हा तिसरा. मी बेळगावात वडगावला ३१ वर्षं शिलाई करते. लग्नसराई सोडली तर माझ्याकडे नवं शिवायला येणाऱ्यांपेक्षा जुनं उसवून मोकळं करायला येणाऱ्याच जास्त. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

महागडा रिपर असता तरी काखेत चीर गेलीच असती. त्या जागेचा दोष आहे तो. काखेत बाजूची टीप आणि बाहीची टीप एकमेकींवर येतात, अस्तर धरून सहा-आठ पदर होतात, आणि शिवणारीने मजबुतीसाठी तिथंच मागे-पुढे टाके मारलेले असतात. रिपर सरळ सरकत आला, त्या गाठीला अडला, तुम्ही जोर लावला, गाठ एकदम सुटली आणि सगळा जोर कापडात गेला. असंच झालं ना? रिपर जिथं अडतो तिथं तो काढून घ्यायचा. आधी गाठीचे टाके वरून एक एक तोडायचे, मग पुढे जायचं.

हे मी कापड गमावून शिकले. शाहापुरात एका मास्तरांकडे शिकायला होते तेव्हा रिपर कुणाकडेच नव्हता. दाढीचं ब्लेड मधोमध मोडायचं आणि अर्ध्या पात्याने उसवायचं, हीच रीत. पात्याला सगळीकडे धार, कापडाला राखणारं काहीच नाही. एका नवरीचं ब्लाउज दंडात सैल करायला आलं होतं, लग्न दोन दिवसांवर. दोन पदर डाव्या हाताने ओढून धरले आणि पातं मधून फिरवलं, मुंढ्यात, म्हणजे काखेच्या गोलाईत, पाऊण इंच चीर गेली. मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी बाहीच्या आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, उसवली, तेवढाच तुकडा कापून काढला, चिरेच्या मागे ठेवला आणि खणाच्या रेघेला रेघ जुळवून हाताने टाके घातले. अंगावर कुणाला दिसलं नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून कुठल्याही शिवणीत मी दीड इंच माया ठेवते, गिऱ्हाइकाने नको म्हटलं तरी.

आता रिपर नीट बघा. त्याला दोन टोकं आहेत. एक लांब आणि अणकुचीदार. दुसरं आखूड, त्यावर बहुतेक वेळा लाल मणी. धार या दोन टोकांत नसते, त्यांच्यामधल्या बेचक्यात असते. लांब टोक टाक्याखाली शिरायला, बेचकं दोरा तोडायला, मणी कापड राखायला. दोन पदर उघडून मधून रिपर सरकवायचा असेल तर मणी खालच्या कापडावर टेकलेला हवा आणि अणकुचीदार टोक वर. पुष्कळ जणी उलटं धरतात, टोक खाली घासत जातं आणि धागा न धागा उकरला जातो. कोऱ्या जाड सुती कापडावर असं सरकवलेलं चालतं. पण खण, रेशीम, इरकल, जॉर्जेट, जुनं विरलेलं कापड यांवर मी कधीच सरकवत नाही, तुम्हीही सरकवू नका.

तिथली पद्धत ही. कापड मांडीवर नको, टेबलावर सपाट पसरा. उजेड डाव्या खांद्यावरून येऊ द्या. बॉबीनच्या, म्हणजे मशिनीच्या खालच्या दोऱ्याच्या, बाजूने दर तिसरा-चौथा टाका उचलून तोडा. टोक टाक्याखाली घातलं की पुढे ढकलायचं नाही, किंचित वर उचलायचं, दोरा आपोआप बेचक्यात येऊन तुटतो. वीतभर झालं की कापड उलटा, दुसऱ्या बाजूच्या दोऱ्याचं टोक धरा आणि हळू ओढा. तो लांबच्या लांब निघून येतो, तोडलेले बारीक तुकडे खाली राहतात. नाही निघाला तर कुठला तरी टाका तोडायचा राहिलाय. ओढाताण करू नका, तो टाका शोधा. राहिलेले दोऱ्याचे तुकडे ओल्या बोटाने किंवा खोडरबर एकाच दिशेने फिरवून गोळा करा. नखाने उपटू नका, खणाचा बारीक धागाही सोबत येतो.

जरीच्या ब्रोकेडमध्ये आणखी एक धोका आहे. त्याच्या उलट्या बाजूला नक्षीचे धागे सुटे लोंबत असतात, ते टाक्यासारखेच दिसतात. एक तुटला तरी पुढच्या बाजूला फूल उसवतं. असं कापड मी सुलट्या बाजूनेच उसवते, टाका दिसला तरच हात लावते. काळ्या कापडावर काळा दोरा असेल तर शिवणीवरून पांढरा खडू हलका घासा. टाके वर आलेले असतात, ते पांढरे होतात आणि नजरेला पडतात.

मी सगळ्या शिकणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते, रिपर उचलायच्या आधी शिवण ओळखा. आपल्याकडे साखरेची किंवा तांदळाची पोती सगळ्यांनी उघडलीत. बरोबर टोक धरून दोरा ओढला की अख्खं तोंड एका झटक्यात उघडतं, चुकीचं टोक धरलं की जागचं हलत नाही. ती साखळी टाक्याची शिवण. जिथं शिवायचं संपलं त्या टोकाकडून ती सुटते. बऱ्याच जीन्सच्या पायातल्या शिवणीही अशाच असतात. उलट्या बाजूला साखळीचे वेढे दिसले की एका टोकाला दोरा मोकळा करून बघायचं, नाही सुटला तर दुसऱ्या टोकाला जायचं. तिथं तासभर रिपर चालवण्यात अर्थ नाही. घरच्या मशिनीची टीप मात्र वरचा दोरा आणि बॉबीनचा दोरा एकमेकांत अडकून होते. ती कुठल्याच टोकाकडून सुटत नाही, तोडावीच लागते. ओव्हरलॉकमध्ये, म्हणजे कापडाचा काठ वेढून घेणाऱ्या शिवणीत, आतल्या कडेला सरळ जाणारा सुईचा दोरा शोधायचा. तो थोड्या थोड्या अंतरावर तोडला की काठावरचे वेढे सैल होऊन निघतात. टी-शर्ट, लेगिंगसारखं विणलेलं कापड असेल तर जास्त सावध राहा. कापडाचा एक वेढा तुटला की शिडीसारखी चीर खाली उतरत जाते, आणि ती रफू करूनही झाकत नाही.

आता कुठला घ्यावा. खडेबाजारात शिलाईच्या सामानाच्या दुकानात ‘रिपर’ म्हटलं की देतात. कन्नड दुकानदाराला ‘होलिगे बिच्चोदु’ म्हणालात तरी तेच पुढ्यात येईल. वीस-तीस रुपयांचे असतात, पोनी कंपनीचे असतात, आणि मागवून जपानच्या क्लोव्हर कंपनीचेही मिळतात. क्लोव्हरचा माझ्याकडे आहे, पुण्याच्या भाचीने दिला. टोक खरंच बारीक आहे, २ मिलिमीटरच्या दाट टिपेखाली सहज जातं, धारही जास्त दिवस टिकली. पण रोज उसवणारीला तो एक घेऊन वर्षानुवर्षं पुरवण्यापेक्षा साधे चार घेऊन वेळेवर बदलणं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. बेचक्यातल्या धारेला घरी धार लावता येत नाही. ती बोथट झाली की कळतं: दोरा टकन तुटत नाही, आधी पिंजतो, मग तुम्ही जोर लावता. जोर लावायची वेळ आली की तो रिपर टाकून द्या. पॉलिस्टरचा दोरा चिवट असतो, तेच काम जास्त असेल तर धार लवकर जाते.

दुकानात घेताना टोपण काढून तीन गोष्टी बघा. लांब टोक सरळ आहे का, ते साच्यातल्या बारीक खरखरीशिवाय गुळगुळीत आहे का, आणि पातं मुठीत घट्ट बसलंय का. नखावरून टोक हलकं फिरवा, ओरखडत असेल तर कापडही ओरखडेल. मशिनीच्या डब्यातले रिपर बहुधा बोटाएवढे आखूड असतात, तासभर धरले की अंगठा दुखतो. त्याचं टोपण मागच्या बाजूला बसवलं तर मूठ लांब होते, तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो. गोल मुठीचा टेबलावरून घरंगळतो, चपट्या मुठीचा घ्या. घरात लहान मूल आहे, तेव्हा टोपण लागलंच पाहिजे.

मेडिकलमध्ये १२ नंबरचं सर्जिकल ब्लेड मिळतं, विळ्यासारखं वाकडं आणि आतल्या बाजूने धार असलेलं. ते ३ नंबरच्या हँडलला बसतं. ओव्हरलॉक उसवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, झरझर जातं. पण त्याला मणी नाही आणि त्याची धार माफ करत नाही. वर्षभर हात बसल्याशिवाय घेऊ नका.

आपल्याकडचा पाऊसही लक्षात घ्या. खानापूरला तर जून ते सप्टेंबर कपाटातल्या सुयासुद्धा गंजतात. गंजलेल्या रिपरने फिकट कापडावर तांबूस डाग येतो आणि तो सहजी जात नाही. काम झालं की पात्यावर मशिनीच्या तेलाचा एक थेंब चोळा. दुसऱ्या दिवशी वापरण्याआधी मात्र चिंधीवर स्वच्छ पुसा आणि आधी फाटक्या कापडात दोन-चार टाके तोडून बघा.

दुपट्याचे तुकडे. पॅचवर्कमध्ये माया पाव इंचच असते, त्यामुळे चीर पडली तर मागे जायला जागा नाही. दोन तुकडे दोन हातांनी ओढून टर्रकन सोडवायचा मोह होतो, तो आवरा. तिरके कापलेले तुकडे ओढले की लांब होतात आणि पुन्हा जोडताना कोपऱ्याला कोपरा येत नाही. वर सांगितलं तसं दर चौथा टाका तोडून दोरा काढा, मग उसवलेल्या काठांना इस्त्री घासू नका, नुसती वरून टेकवा आणि उचला. सुती कापडातली सुईची भोकं थोडं पाणी शिंपडून, नखाने आडवं-उभं हलकं घासलं की मिटतात. रेशमावर, रेक्झिनवर ती राहतात, म्हणून तिथं शंका असेल तर आधी कच्ची टीप मारा. टाका ४-५ मिलिमीटरवर ठेवायचा आणि बॉबीनमध्ये वेगळ्या रंगाचा दोरा भरायचा. उसवायची वेळ आली तर कुठला दोरा ओढायचा ते रंगावरूनच कळतं. दुपट्याला आत कापसाची गादी घालून टीप मारून झाली असेल तर मागच्या बाजूने उसवा. टोक फक्त दोऱ्याखाली राहू द्या, खोल गेलं तर कापसाचा पुंजका बाहेर येतो.

आणि वाकळ. हे वाचून मला खूप बरं वाटलं, कारण हल्ली जुन्या वाकळा पोत्यात भरून गोठ्यात टाकलेल्या बघते. वाकळेला रिपर लावू नका. तिचा टाका हाताचा धावदोरा आहे, मशिनीपेक्षा कितीतरी लांब आणि जाड दोऱ्याचा, आणि खालची लुगडी इतकी मऊ झालेली असतात की अणकुचीदार टोक आरपार जातं. बोथट टोकाची छोटी कात्री घ्या. बोटाच्या पेराने टाका उचला, दर चार-पाच बोटांवर एक तोडा आणि दोरा बाजूने काढा. पण हा दोरा सगळ्या थरांतून गेलेला असतो, त्यामुळे एका दमात सगळा काढला तर आतले पदर सुटे होऊन घसरतील. वीतभर पट्टा मोकळा करायचा, तिथं खालच्या थरांना लांब कच्चे टाके घालायचे, मग पुढचा पट्टा.

त्याआधी वाकळ कुणाच्या हातची आहे ते विचारा. तुमच्या भागाला लागूनच हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका वाकळ, म्हणजे त्यांची कवंदी, काठापासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्यापर्यंत आणतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात. तशी असेल तर वरचा थर म्हणजे वेगवेगळे तुकडे असतात, अख्खी साडी नसते. मग काही उसवू नका, विरलेल्या जागी वरून ठिगळ शिवा. आपल्या घरच्या वाकळेतही वरची साडी फक्त मधे विरली असेल तर मी ती काढत नाही. नवी साडी तिच्यावरच पसरते आणि काठापासून टाके घालते, जुनी आत ऊब म्हणून राहते.

सासूबाई आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून पहिला टाका त्यांच्याच हातून तोडून घ्या, कुठल्या थरात कुणाचं लुगडं आहे ते त्या सांगतील. वाकळेची मागची बाजू आणि एक कोपरा यांचा दिवसाउजेडी फोटो काढून इथं टाका, टाका बघून कुठून सुरू करायचं ते सांगते. ब्लाउजच्या चिरेचाही फोटो टाका. बाहीत माया असेल तर ते ब्लाउज वाया गेलेलं नाही.