आधी फोडायला शीक, मग बनव
मित्रा, स्वतःचा ब्लॉक सायफर (माहितीचे ठराविक लांबीचे तुकडे करून ती गुप्त करणारी पद्धत) बनवायची घाई करू नकोस. गड्डा यात्रेच्या सुट्टीत वही घेऊन बस. २००७ च्या ‘प्रेझेंट’ या ब्लॉक सायफरचा चार बिटांचा एस-बॉक्स (आत आलेल्या चार बिटांच्या जागी दुसरे चार बिट देणारा तक्ता) उतरव आणि त्याचा १६ बाय १६ फरक-तक्ता (आतल्या कोणत्या फरकाने बाहेर कोणता फरक किती वेळा येतो, ते) हातानेच भर. शून्याची ओळ सोडली तर ४ पेक्षा मोठा आकडा कुठेच येणार नाही. मग १, २, ४, ८ या ओळी त्याच आकड्यांच्या रकान्यांशी जुळवून बघ, सगळीकडे शून्य! म्हणजे आत एक बिट बदललं की बाहेर किमान दोन बदलतात. हा गुण आणि बिटांची अदलाबदल मिळून सायफरच्या पाच फेऱ्यांत निदान दहा एस-बॉक्स सक्रिय होतात, म्हणजे त्यांच्यात फरक पोचतो. किती विचार केलाय बघ! एईएस हा प्रमाण ब्लॉक सायफर नंतर. आणि पुण्याच्या क्लाससाठी अडून राहू नकोस, सोलापुरात बसून हे सगळं जमतं.